जीवाणूंची वाढ आणि विषनिर्मितीचा काळ : स्टॅफिलोकोकसच्या निमित्ताने



व्रणशोथाचा रुग्ण समोर येऊन बसला की आपला पहिला प्रश्न असतो, 'किती दिवस झाले?' हा प्रश्न केवळ सवयीचा नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात शोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगून त्यांची लक्षणे स्वतंत्रपणे दिली आहेत. आम शोथावर शस्त्र चालविणारा आणि पक्व शोथाची उपेक्षा करणारा, अशा दोघांनाही त्यांनी सारखाच दोष दिला आहे. म्हणजेच व्याधी कोणता, या प्रश्नाइतकाच तो सध्या कोणत्या अवस्थेत आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आधुनिक जीवाणुशास्त्राने दीर्घकाळ दोन प्रश्नांचीच उत्तरे दिली. जीवाणू कोणता आणि तो किती संख्येने आहे? गेल्या सुमारे चाळीस वर्षांत तिसरा प्रश्न पुढे आला : तो जीवाणू या क्षणी काय करीत आहे? एकाच जातीचा, एकाच वंशाचा जीवाणू वाढीच्या आरंभी एक प्रकारची प्रथिने बनवितो आणि संख्या वाढल्यावर अगदी वेगळी. चिकटण्याची साधने आधी आणि विषे नंतर, असा क्रम अनेक जीवाणूंत आढळतो. हा बदल कसा घडतो, त्याची संप्राप्ती काय आणि आपल्या दैनंदिन चिकित्सेत तिचा उपयोग कोठवर, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय काहीसा रूक्ष आहे याची जाणीव आहे. तथापि ज्या रुग्णामुळे मी या अभ्यासाकडे वळलो, त्याची हकीकत प्रथम सांगतो.

सुमारे बारा वर्षांपूर्वी बावन्न वर्षांचा एक शेतकरी मानेच्या मागील बाजूस केसतूड झाले म्हणून माझ्याकडे आला. मधुमेह होता, गोळ्या अनियमित चालू होत्या. केसतूड उठून चार दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशीच त्याने औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणून घेतल्या होत्या आणि ठणका कमी झाल्यावर त्या सोडल्या होत्या. मी पाहिले तेव्हा शोथ घट्ट होता, वेदना मंद होती, ज्वर नव्हता. मी आम अवस्था ठरविली, लेप दिला, पोटात औषधे दिली, रक्तातील साखर तपासून आणण्यास सांगितले आणि तीन दिवसांनी बोलाविले. तो दोन दिवसांतच आला, तो मुलाच्या आधाराने. मान वळत नव्हती, अंगात थंडी भरलेली होती, त्वचेवर चाळणीसारखी छिद्रे पडून त्यांतून पू येत होता. प्रमेहपिडकेचे ते पूर्ण रूप होते. त्याला त्याच दुपारी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले. मृत मांस काढावे लागले, इन्सुलिन सुरू झाले, तीन आठवडे रुग्णालयात काढून तो घरी परतला. पुवाच्या तपासणीत स्टॅफिलोकोकस ऑरियस आला.

माझी चूक कोठे झाली? मंद वेदना आणि ज्वराचा अभाव या दोन लक्षणांना मी रुग्णाच्या स्थितीचे लक्षण मानले. वास्तविक त्यातील काही भाग अर्धवट घेतलेल्या गोळ्यांचा असू शकत होता, आणि काही भाग मधुमेहामुळे क्षीण झालेल्या प्रतिकाराचा. शिवाय जीवाणूंच्या बाजूने पाहिले तर तो शांततेचा काळ नव्हता, तयारीचा असू शकत होता. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

वाढीच्या अवस्था

प्रयोगशाळेतील पोषक द्रवात थोडे जीवाणू सोडले असता प्रथम काही काळ संख्या वाढत नाही. जीवाणू नव्या परिस्थितीशी जुळवून घेत असतात. ही लॅग फेज. त्यानंतर प्रत्येक पिढीत संख्या दुप्पट होत जाते. हा गुणाकाराचा काळ म्हणजे लॉग फेज. पोषण संपू लागले, टाकाऊ द्रव्ये साचू लागली की वाढ मंदावते आणि स्थिर अवस्था येते. स्टॅफिलोकोकसला उत्तम पोषण मिळाल्यास साधारण अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. वीस वेळा दुप्पट झाल्यावर एकाचे दहा लाख होतात, म्हणजे हिशेबाने दहा तास पुरेत. शरीरात इतक्या वेगाने वाढ होत नाही, कारण तेथे पोषण बेताचे असते आणि श्वेतपेशी सतत भक्षण करीत असतात. तरीही आरंभी काहीच नाही आणि मग एकदम सर्व काही, असा जो अनुभव आपल्याला येतो, त्याचे एक कारण या गुणाकारात आहे.

संख्येचे महत्त्व दाखविणारा एक जुना प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. १९५७ साली इलेक आणि कोनेन यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकोकस टोचून पू होण्यास किती जीवाणू लागतात ते मोजले. उत्तर आले वीस ते ऐंशी लाख. त्यानंतर त्यांनी त्याच जीवाणूंनी युक्त रेशमी टाक्याचा धागा त्वचेत ठेवला, तेव्हा ही संख्या सुमारे दहा हजार पटींनी घटली. काही शे जीवाणू पुरले. शल्य शरीरात राहिले असता व्रण का भरत नाही, हे आपण ग्रंथांतून शिकलो आहोत. काटा, लाकडाची कुसळ, टाक्याचा दोरा किंवा मूत्रमार्गातील नळी यांच्याविषयी मी आता रुग्णाला पूर्वीपेक्षा अधिक चिकाटीने विचारतो.

जीवाणूंना संख्या कशी कळते?

एकपेशीय जीवाला शेजारी किती आहेत हे कसे समजावे? या प्रश्नाचे उत्तर समुद्रातून आले. १९७० साली नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी प्रकाश देणाऱ्या समुद्री जीवाणूंविषयी दाखवून दिले की, द्रवात ते विरळ असताना प्रकाशत नाहीत. दाट झाल्यावरच प्रकाशतात, आणि त्यासाठी ते स्वतःच एक द्रव्य बाहेर सोडतात. त्याआधी १९६५ साली टॉमाझ यांनी न्यूमोकोकसमध्ये अशाच बाहेर सोडल्या जाणाऱ्या संकेताचे वर्णन केले होते. परंतु दोन्ही शोध बराच काळ विशेष अपवाद समजले गेले. १९९४ मध्ये फुक्वा, विनान्स आणि ग्रीनबर्ग यांनी या सर्व घटनांना 'कोरम सेन्सिंग' हे नाव दिले. सभेला गणपूर्ती लागते, तशी जीवाणूंच्या काही कामांनाही लागते, असा त्याचा आशय. मराठीत याला गणसंवेदन म्हणता येईल.

तत्त्व सोपे आहे. प्रत्येक जीवाणू थोडे थोडे संकेतद्रव्य बाहेर टाकतो. संख्या कमी असेल तर ते पसरून विरून जाते. संख्या वाढली की आसपासच्या द्रवात त्याचे प्रमाण वाढते, एक मर्यादा ओलांडते आणि जीवाणूच्या भित्तीवरील किंवा आतील ग्राहक प्रथिन त्याची नोंद घेते. त्यानंतर जनुकांचे एक संपूर्ण दालन उघडते आणि दुसरे बंद होते. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. जीवाणू खरोखर संख्या मोजत नाही, तो केवळ द्रव्याचे प्रमाण जाणतो. त्यामुळे बंदिस्त जागेत मोजके जीवाणूही गणपूर्ती झाल्यासारखे वागू शकतात. श्वेतपेशीने गिळलेला स्टॅफिलोकोकस एखाद्या लहानशा पोकळीत कोंडला गेला, तर त्याचेच द्रव्य त्याच्याभोवती साचते. बंद विद्रधीचे पूयस्थानही अशीच कोंडलेली जागा होय.

स्टॅफिलोकोकसची एजीआर यंत्रणा

या जीवाणूचे वर्णन स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास विद्रधीच्या पुवातून केले. द्राक्षांच्या घडासारखे दिसणारे गोल जीवाणू म्हणून त्यांनी त्याला हे नाव दिले, तर १८८४ मध्ये रोझेनबाख यांनी त्याच्या सोनेरी वसाहतींवरून 'ऑरियस' हे उपपद जोडले. शंभर वर्षांनंतर, १९८० च्या दशकात, या जीवाणूत विषनिर्मितीचे नियमन करणारे एक जनुकस्थान सापडले. त्याला एजीआर असे नाव मिळाले. रिचर्ड नोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क येथे त्याचा तपशील उलगडला.

या जनुकस्थानात चार जनुके एका ओळीत आहेत, ए, बी, सी आणि डी. डी या जनुकापासून एक लहान पूर्वद्रव्य तयार होते. बी हे प्रथिन ते कापते, त्याची गाठ वळते आणि बाहेर सोडते. सात ते नऊ अमिनो आम्लांचा हा पेप्टाइड, त्याच्या एका टोकाला गंधकयुक्त वळे. हाच संकेत. बाहेर त्याचे प्रमाण पुरेसे झाले की तो पेशीभित्तीतील सी या ग्राहकाला जाऊन चिकटतो. सी स्वतःवर फॉस्फेट लावून घेतो आणि ते आतील ए या प्रथिनाला देतो. ए जागृत होऊन दोन ठिकाणी काम सुरू करतो. एका ठिकाणी तो याच चार जनुकांचे उत्पादन वाढवितो, म्हणजे संकेत आणखी वाढतो आणि शेजाऱ्यांनाही जागे करतो. आगीने वारा खेचून आणखी भडकावे, तसे हे चक्र आहे. दुसऱ्या ठिकाणी तो आरएनए-तीन नावाचा एक रेणू तयार करवितो.

आरएनए-तीन हा या कथेतील सर्वांत विलक्षण घटक म्हणावा लागेल. सामान्यतः आरएनए हा प्रथिन बनविण्याचा निरोप्या असतो. ५१४ न्यूक्लिओटाइडांच्या या रेणूतही एका लहान विषाचा, म्हणजे डेल्टा-हिमोलायसिनचा, निरोप दडलेला आहे. परंतु त्याचे मुख्य काम स्वतःच नियमन करणे हे आहे, ही गोष्ट १९९३ मध्ये सिद्ध झाली. तो इतर निरोप्यांना चिकटून काहींचे भाषांतर सुरू करतो आणि काहींचे बंद पाडतो. अल्फा-टॉक्सिनचा निरोप त्याच्या साहाय्यानेच मोकळा होतो. प्रोटीन-ए या भित्तीवरील प्रथिनाचा निरोप मात्र तो दाबून टाकतो. विषजनुकांवर अंकुश ठेवणाऱ्या रॉट या दुसऱ्या नियंत्रकाचीही निर्मिती तो थांबवितो, त्यामुळे विषांवरील तो बंध आपोआप सुटतो.

आता या यंत्रणेची संगती आपल्या विद्रधीशी लावून पाहू. आरंभीच्या वाढीत जीवाणू आपल्या पृष्ठभागावर फायब्रोनेक्टिनला चिकटणारी प्रथिने धारण करतो, रक्तरस गोठविणारे कोॲग्युलेज सोडतो आणि प्रोटीन-एच्या साहाय्याने प्रतिद्रव्ये उलट्या बाजूने पकडून ठेवतो. परिणामी श्वेतपेशींना ती ओळखता येत नाहीत. म्हणजे या काळात तो ठाण मांडतो, लपतो आणि भोवती कुंपण घालतो. संख्या वाढल्यावर पृष्ठभागावरील ही साधने कमी होतात आणि बाहेर सोडावयाची द्रव्ये सुरू होतात. अल्फा-टॉक्सिनचे सात रेणू एकत्र येऊन पेशीच्या भित्तीत छिद्र पाडतात, प्रथिने व मेद पचविणारी विकरे बाहेर पडतात आणि काही पेप्टाइडे श्वेतपेशीच फोडतात. ऊती द्रवरूप होऊ लागतात, जीवाणूंना पोषण मिळते आणि पुढे सरकावयास वाट मिळते. घट्ट शोथ मऊ होऊन पू का होतो, याच्या कारणांपैकी हे एक आहे. सर्व पू जीवाणूच करतो असे मात्र मानू नये. मृत श्वेतपेशी आणि त्यांची विकरे यांचा त्यात मोठा वाटा आहे.

याच वेळी एक मर्यादा स्पष्ट करतो. प्रयोगशाळेतील काचपात्रात ही विभागणी जितकी स्वच्छ दिसते, तितकी ऊतींत दिसत नाही. एजीआरशिवाय सार-ए, सा-ई आणि सिग्मा-बी अशी इतर नियंत्रकेही आहेत आणि ती ऑक्सिजन, आम्लता आणि पोषण यांनुसार या आदेशांत बदल करतात. आम, पच्यमान आणि पक्व या तीन अवस्थांवर लॅग, लॉग आणि स्थिर अवस्थांची पाटी चिकटवून देणाऱ्या मांडण्या मी काही परिषदांत ऐकल्या आहेत. ऐकावयास त्या सुखद वाटतात, पण त्यांना आधार नाही. शोथाची अवस्था ही शरीर आणि जीवाणू या दोघांच्या द्वंद्वाची अवस्था आहे, जीवाणूच्या एकट्याच्या वाढीची नाही.

शत्रूच्या संकेतावर पाळत

१९९७ साली नोविक यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखविली. स्टॅफिलोकोकस ऑरियसचे एजीआरच्या दृष्टीने चार गट आहेत. एका गटाचा संकेत स्वतःच्या गटाला जागृत करतो, पण बहुतेक वेळा इतर गटांचा ग्राहक बंद पाडतो. एकाच जातीतील हे भांडण आहे. त्यातून चिकित्सेची कल्पना पुढे आली : जीवाणूला न मारता त्याचा संकेत अडविता येईल का? तसे झाल्यास विषे बनणार नाहीत, आणि जिवंत राहण्याचा दबाव नसल्यामुळे प्रतिरोधही मंद गतीने येईल, अशी अपेक्षा होती.

शरीर हे काम आधीपासून करीत आहे, हा भाग मला सर्वांत आवडतो. रक्तरसातील मेदवाहक कणांवर अपोलायपोप्रोटीन-बी नावाचे प्रथिन असते. ते हा पेप्टाइड पकडून ठेवते आणि संकेत पोहोचू देत नाही, असे २००८ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविण्यात आले. श्वेतपेशी जी दाहक ऑक्सिजनद्रव्ये सोडतात, त्यांनीही हा पेप्टाइड निकामी होतो. म्हणजे प्रतिकार केवळ भक्षण करून होत नाही, शत्रूचे संदेशवहन तोडूनही होतो.

मात्र संकेत तोडणे नेहमी लाभदायकच असते असे नाही. ज्या स्टॅफिलोकोकसचे एजीआर बिघडलेले असते, ते विष कमी करतात पण चिकटून अधिक राहतात आणि नळी, कृत्रिम सांधा, झडप यांच्यावर जाड थर रचतात. दीर्घकाळ रक्तात टिकून राहणाऱ्या संसर्गांत असे बिघडलेले जीवाणू अधिक आढळतात, ही नोंद २००४ पासून आहे. म्हणून विष दाबणारे औषध एखाद्या तीव्र विद्रधीत उपयोगी पडेल, पण कृत्रिम सांध्याच्या जीर्ण संसर्गात तेच अपाय करू शकेल. औषध तेच, काळ आणि देश वेगळा, म्हणून परिणाम वेगळा. हे आपल्याला कोणी शिकवावयास नको, पण या निमित्ताने आठवण होते.

पटकीचा उलटा क्रम

स्टॅफिलोकोकसमध्ये संख्या वाढली की विषे सुरू होतात, हा नियम सर्वत्र लागू पडतो असे वाटू शकते. तसे नाही. पटकीचा जीवाणू, व्हिब्रिओ कॉलरी, नेमका उलट वागतो. कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी १९५९ साली जीवाणू गाळून टाकलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी जमते हे दाखवून पटकीचे विष सिद्ध केले. भारतीय वैद्यकाच्या इतिहासातील हे एक उपेक्षित पान आहे. या विषाचे जनुक जीवाणूला एका विषाणूकडून मिळाले आहे, असे १९९६ मध्ये वॉल्डर आणि मेकॅलॅनॉस यांनी दाखविले.

पटकीचा जीवाणू आतड्यात विरळ असताना टॉक्स-आर, टीसीपी-पी आणि टॉक्स-टी या नियंत्रकांच्या साखळीतून आतड्याला चिकटण्याचे तंतू आणि विष बनवितो. दाट झाल्यावर हॅप-आर नावाचे प्रथिन वाढते आणि ही साखळी तुटते. विष थांबते, उलट सुटून निघण्याची विकरे सुरू होतात. का? पटकी हा अल्पकाळाचा संसर्ग आहे. या जीवाणूचे हित आतड्यात घर करण्यात नाही, तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर बाहेर पडून दुसऱ्या यजमानापर्यंत पोहोचण्यात आहे. स्टॅफिलोकोकस पुवाच्या गाठीत कोंडलेला असतो, तर हा वाहता राहतो. अर्थात येथेही अपवाद आहेत. हॅप-आर बिघडलेले काही वंशही रोग निर्माण करतात, म्हणून गणसंवेदन हे एकमेव नियंत्रक म्हणता येत नाही.

रुग्णाच्या जुलाबातून नुकतेच बाहेर पडलेले जीवाणू प्रयोगशाळेत वाढविलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक संसर्गक्षम असतात, असे ढाका येथील रुग्णांवरून २००२ मध्ये दिसून आले. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत पटकीची साथ वारंवार येई, आणि गर्दी पांगली की ती गावोगाव पसरे. माणसामागून माणूस, अल्पावधीत आणि ताज्या मलातून, या मार्गाने साथ इतक्या झपाट्याने का वाढे, याचा अंशतः उलगडा या निरीक्षणातून होतो.

इतर संकेत

संख्येखेरीज इतर संकेतही असतात, त्यांचा उल्लेख थोडक्यात करतो. प्लेगचा जीवाणू पिसवेच्या शरीरात, सुमारे २६ अंशांत, पिसवेच्या अन्नमार्गात थर जमविणारी साधने बनवितो आणि माणसाच्या ३७ अंशांत गेल्यावर श्वेतपेशींना जायबंदी करणारी प्रथिने काढतो. मुंबईत १८९६ साली आलेल्या साथीच्या वेळी ही यंत्रणा कोणालाच ठाऊक नव्हती. घटसर्पाचा जीवाणू लोहाची टंचाई जाणवली की विष बनवितो. लोह भरपूर असता विष दबते, ही गोष्ट पॅपनहाइमर आणि जॉन्सन यांनी १९३६ मध्ये नोंदविली होती. शरीर संसर्गाच्या वेळी लोह लपविते, तेव्हा त्याने एकीकडे जीवाणूंची उपासमार होते आणि दुसरीकडे काही जीवाणूंना विषाचा संकेतही मिळतो. यावरून लोहकल्प द्यावा की न द्यावा, असा थेट निष्कर्ष कोणी काढू नये. हे प्रयोग तसे सांगत नाहीत.

आपल्या चिकित्सेत

सुश्रुतोक्त षट्क्रियाकाल, म्हणजे संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद, यांची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु तो क्रम दोषांचा आहे, जीवाणूंचा नव्हे. आपल्या आचार्यांना गणसंवेदन ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह टाळावा. त्याची त्यांच्या थोरवीला गरज नाही, आणि आपल्याला त्याने काही नवे शिकता येत नाही. मला जे साम्य वाटते ते इतकेच की, व्याधीला काळ असतो आणि चिकित्सेने तो काळ गाठला पाहिजे.

व्यवहारातील पहिला मुद्दा अर्धवट प्रतिजैविकांचा. बीटा-लॅक्टम गटातील प्रतिजैविके जीवाणूला मारण्यास अपुऱ्या मात्रेत असली, तर स्टॅफिलोकोकसच्या काही वंशांत अल्फा-टॉक्सिनची निर्मिती वाढते, असे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे. याउलट क्लिंडामायसिन आणि लिनेझोलिड ही प्रथिननिर्मितीच थांबवितात, म्हणून विष दबते. विषजन्य तीव्र संसर्गात रुग्णालयातील तज्ज्ञ मुख्य औषधाबरोबर क्लिंडामायसिन जोडतात, त्याचे एक कारण हे आहे. हे आपण आपल्या चिकित्सालयात स्वतः करावे असे मी सुचवीत नाही. पण रुग्णाने आधी काय घेतले, किती घेतले आणि कधी सोडले, हे विचारणे आपल्या हाती आहे. माझ्या त्या शेतकऱ्याच्या चार गोळ्यांची नोंद मी केसपेपरवर लिहिली होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता.

दुसरा मुद्दा वनस्पतींचा. लसणातील अजोईन हे द्रव्य स्यूडोमोनास या जीवाणूच्या गणसंवेदनाखालील जनुकांना दाबते, असे डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखविले. आपल्याला साहजिकच आनंद होतो. परंतु त्याआधी २०१० मध्ये ब्रिटनमध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांवर लसणाची लहान चाचणी झाली होती, तिच्यात लक्षणीय लाभ सिद्ध झाला नाही. हळदीतील कर्क्युमिनविषयी तर प्रयोगशाळेतील निष्कर्ष असंख्य आहेत. परंतु हे द्रव्य अनेक प्रयोगपद्धतींत खोटी सकारात्मक खूण देते आणि आतड्यातून फार कमी शोषले जाते, याची साधार मांडणी औषधरसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये केली आहे. काचपात्रातील वर्तुळाकार निर्जीव जागा पाहून 'हळद जीवाणू मारते' असे रुग्णाला सांगणे आणि मधुमेही रुग्णाच्या काळपुळीत त्यावर विसंबणे, या दोहोंत मोठे अंतर आहे. हळदीचा लेप व्रणावर मी आजही वापरतो. पण मोठ्या प्रमेहपिडकेत तो शस्त्रकर्माच्या जागी नव्हे.

तिसरा मुद्दा मर्यादा ओळखण्याचा. मानेच्या मागील किंवा पाठीवरील, अनेक तोंडांचा, मधुमेही रुग्णातील शोथ, ज्वर असो वा नसो, मी आता एक दिवसाच्या अंतराने पाहतो. शोथाची कड पेनाने आखून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी ती सरकली का ते पाहतो. ही कड सरकली, किंवा थंडी, ग्लानी, श्वासाची गती वाढणे, वेदना अचानक नाहीशी होऊन त्वचा काळवंडणे यांपैकी काही दिसले, तर लेप बदलत बसत नाही. रुग्णाला रुग्णालयात पाठवितो, आणि चिठ्ठीवर किती वाजता काय दिसले आणि आधी कोणत्या गोळ्या किती घेतल्या, हे लिहितो. चेहऱ्यावर, विशेषतः नाकाच्या व वरच्या ओठाच्या भागातील केसतूड दाबून पिळू नये, हे तर सर्वांस ठाऊक आहेच. तरीही दर पावसाळ्यात एक-दोन जण ते पिळून येतात.

तो शेतकरी अजूनही माझ्याकडे येतो. मानेवर पंजाएवढा आकसलेला व्रण आहे. मागच्या महिन्यात त्याच्या नातवाला मांडीवर गळू झाले, तेव्हा त्याने स्वतःच पेन मागून त्याची कड आखली आणि मुलाला घेऊन आला.